आज रोख, उद्या उधार, हिशेब परवा!

आपल्या बाजारपेठेतील कितीतरी दुकानांत गल्ल्याच्या मागे एक पाटी दिसते : 'आज रोख, उद्या उधार'. पाटी वाचून गिऱ्हाईक हसते, कारण हा उद्या कधीच उजाडणार नाही हे दुकानदारालाही ठाऊक असते आणि गिऱ्हाइकालाही. गंमत अशी की, जी पाटी आपण गिऱ्हाइकासाठी टांगली, तीच नकळत आपल्या कामालाही टांगून ठेवली आहे. उधारीची वही उद्या लिहू, भागीदाराशी उद्या बोलू, नोंदणीचा अर्ज उद्या भरू, मालाची मोजदाद रमजानच्या आधी करू. हाही उद्या उजाडत नाही. फरक इतकाच की, येथे फसतो तो दुकानदार स्वतः.

आज आम्ही कोणत्याही नव्या धंद्याची माहिती देणार नाही. वाचकांना माहीत असलेल्या, करायच्या म्हणून ठरलेल्या आणि तरीही वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या एका कामाविषयी लिहिणार आहोत. ते काम म्हणजे आपले येणे-देणे लिहून ठेवणे. हे काम पुढे ढकलण्याची जी किंमत आपला व्यापारी आणि कारागीर मोजतो आहे, ती मंदीच्या फटक्यापेक्षा कमी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा आळस आहे काय?

आपला कारागीर आळशी आहे असे ज्याला वाटते, त्याने एकदा मालेगावच्या किंवा भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात बारा तासांची पाळी उभ्याने काढून पाहावी. बेकरीवाला पहाटेपूर्वी भट्टी पेटवतो. मटणाचा दुकानदार फजरच्या आधी बाजारात असतो. ईदच्या आधीच्या पंधरवड्यात शिलाई करणारा कारागीर मशीनवरच झोपतो आणि मशीनवरच उठतो. घरी पीसवर काम करणाऱ्या आपल्या भगिनी चूल, मुले आणि मशीन अशा तिन्ही आघाड्या सांभाळतात. अशा माणसांना आळशी म्हणणे अन्याय आहे. मग हीच माणसे अर्ध्या तासाचे लेखी काम सहा-सहा महिने का टाळतात?

आमच्या मते याची कारणे साधी आहेत. पहिले असे की, या कामाला गिऱ्हाईक नाही. कापड शिवून दिले नाही तर गिऱ्हाईक दारात येऊन ओरडते. वही लिहिली नाही तर कोणीच ओरडत नाही. दुसरे कारण भीतीचे. बेरीज केली तर किती पैसे बुडाले ते कळेल, किती देणे आहे तेही कळेल; त्यापेक्षा न कळलेले बरे, असे मन सांगते. दुखरा दात असलेला माणूस दवाखान्याच्या रस्त्यानेच जात नाही, तसा हा प्रकार आहे. तिसरे कारण साचलेल्या ढिगाचे. चार वर्षांचे राहिले आहे, आता एकदा सवड काढून पूर्ण दिवस बसलो तरच होईल, असे म्हणत माणूस त्या पूर्ण दिवसाची वाट पाहतो. धंदेवाल्याच्या नशिबी असा रिकामा दिवस येत नाही. आला तर त्या दिवशी कुणाचे तरी लग्न निघते. चौथे कारण मुरव्वतीचे. मेहुण्याला उधार दिले आणि त्याच्यापुढे सहीसाठी वही सरकवली, तर त्याला काय वाटेल?

ही कारणे खरी आहेत. म्हणून ती मान्य केली पाहिजेत. मात्र कारण खरे असले म्हणून नुकसान टळत नाही.

'इन्शाअल्लाह'ची ढाल

चालढकलीला आपण एक धार्मिक वेष्टनही चढवले आहे. त्याविषयी न लिहिणे म्हणजे वाचकांशी अप्रामाणिकपणा होईल. पवित्र कुरआनच्या अठराव्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह कहफमध्ये (आयत 23-24), ताकीद आहे की, अमुक गोष्ट मी उद्या करीन असे अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख केल्याशिवाय म्हणू नये. म्हणजे ज्याने काम करायचे पक्के ठरवले, त्यासाठी कंबर कसली, त्याने आपल्या मर्यादेची जाणीव ठेवून उच्चारायचा हा शब्द आहे. आपण त्याचे काय केले? नाही म्हणण्याची ती एक सभ्य रीत करून टाकली. कारागिराने "शनिवारी कपडे तयार, इन्शाअल्लाह" म्हटले की गिऱ्हाईक मनात म्हणते, चला, म्हणजे पुढचा शनिवार! ज्या शब्दाने वचनाला वजन यायचे, त्याच शब्दाने वचन हलके होऊ लागले आहे. यात बदनामी केवळ त्या एका कारागिराची होत नाही. म्हणून आमची विनंती आहे की, ज्या कामाचा दिवस आणि वेळ मनात पक्की आहे त्याच कामासाठी हा पवित्र शब्द वापरावा.

दिरंगाईची किंमत

आता रोकड व्यवहारात बोलू. उधारीचे पैसे कधीतरी येतीलच, अशी आपली समजूत असते. कायदा मात्र कायम थांबत नाही. 1963 च्या मुदत कायद्यानुसार, उधारीची वेगळी मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या पैशांसाठी माल दिल्यापासून 3 वर्षांच्या आत दावा करावा लागतो. कारागिराच्या मजुरीलाही, पैसे देण्याची मुदत ठरली नसेल तर, काम पूर्ण झाल्यापासून तीच 3 वर्षांची मर्यादा आहे. त्यानंतर देणेकऱ्यावर नैतिक ओझे राहते, अल्लाहपुढे जाब राहतो, परंतु न्यायालयाचा दरवाजा बंद होतो. याच कायद्यात एक सोय आहे. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने 'इतकी बाकी मान्य' असे लिहून सही दिली, तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. एका ओळीची सही तीन वर्षे वाढवून देते. पण ती ओळ लिहून घेण्यासाठी आधी वही उघडावी लागते.

भागीदारीचे पाहा. दोन मित्रांनी दुकान काढले. एकाचे भांडवल जास्त, दुसऱ्याची मेहनत जास्त. तोंडी ठरले, तुझे साठ, माझे चाळीस. कागद नंतर करू. धंदा चालला नाही तोवर वाद नव्हता. धंदा चालला आणि वाद सुरू झाला. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदारांमध्ये वेगळा करार नसेल तर नफा आणि तोटा दोन्ही समसमान धरले जातात. तोंडी साठ-चाळीस सिद्ध कसे करणार? शिवाय भागीदारी नोंदवलेली नसेल तर फर्मला आपल्या येण्यासाठी तिसऱ्या माणसावर दावा करतानाही अडचण येते. मैत्री तुटते ती बहुधा पैशापायी नव्हे, तर कोणाचे किती हे न लिहिल्यापायी.

माल बनवून मोठ्या व्यापाऱ्याला देणाऱ्या कारागिरासाठी 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात महत्त्वाची तरतूद आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, आणि ती तारीख काहीही असली तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत, पैसे दिले पाहिजेत. करार नसेल तर 15 दिवसांत. पैसे अडकले तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. ही तरतूद माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. तिचा लाभ घ्यायचा तर उद्योगाची नोंदणी हवी. 1 जुलै 2020 पासून ही नोंदणी 'उद्यम' या नावाने होते, आधार क्रमांकावर होते आणि तिला सरकारी शुल्क नाही. तरीही जो कारागीर कच्च्या चिठ्ठीवर माल देतो, बिल फाडत नाही आणि नोंदणी उद्यावर ढकलतो, त्याचे पैसे व्यापारी सहा महिने फिरवतो. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

मिरजेच्या तंतुवाद्यांचे उदाहरणही येथे देण्यासारखे आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकात या कामात हात घातला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या मिरजेची सतार नावारूपाला आली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अभिनंदनाची गोष्ट आहे. परंतु असे मानांकन गावाच्या नावाला मिळते. ते आपल्या मालावर वापरायचे तर प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंद करावी लागते. हक्क दारापर्यंत येतो, दार आपल्यालाच उघडावे लागते. हे सर्वच धंद्यांना लागू आहे.

सर्वांत जड किंमत

पैशाचे नुकसान एक वेळ भरून निघेल. त्याहून मोठे नुकसान माणूस गेल्यावर होते. कबरस्तानातून लोक परत येतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एकेक जण दारात उभा राहतो. कोणी म्हणतो, मरहूमांकडे माझे चाळीस हजार होते. कोणी म्हणतो, मालाची रक्कम बाकी आहे. मुलाला काहीच माहीत नसते. कोण खरा, कोण खोटा, हे सांगणारी वही नाही. ज्यांच्याकडून येणे आहे ते मात्र कोणीच दारात येत नाहीत. विधवा आणि अनाथ मुलांच्या तोंडचा घास अशा न लिहिलेल्या हिशेबात जातो.

आपल्या धर्मात तर मयताचे कर्ज आणि वैध वसीयत यांचा निकाल लावल्याशिवाय वारसांत वाटणी करता येत नाही. प्रारंभीच्या काळात जनाजा समोर आला की प्रेषित मुहम्मद (स.) या माणसावर कर्ज आहे काय, असे विचारीत, आणि फेडीची सोय नसेल तर सहाबांना नमाज अदा करावयास सांगत. पुढे सुबत्ता आल्यावर अशांचे कर्ज प्रेषितांनी (स.) स्वतःवर घेतले. ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखे काही आहे त्याच्या दोन रात्रीही ती लिहून ठेवल्यावाचून जाऊ नयेत, अशी शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. दोन रात्री! आणि आपण वीस-वीस वर्षे जाऊ देतो.

सर्वांत मोठी आयत कशाविषयी आहे?

पवित्र कुरआनची सर्वांत दीर्घ आयत कोणती, असा प्रश्न आपल्या मुलांना मकतबमध्ये विचारतात. सूरह बकरहची 282 वी, हे उत्तर मुले देतातही. ही आयत उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचा व्यवहार केला की तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, देणेकऱ्याने मजकूर सांगावा, साक्षीदार घ्यावेत, असे तपशीलवार आदेश तीत आहेत. आमच्या विषयाच्या दृष्टीने तीतील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह ती लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे तेथे बजावले आहे. निर्माणकर्त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक आहे. माणूस नाकारणार नाही, तो कंटाळा करील, हे ओळखूनच हा आदेश आला. हातोहात होणारा रोखीचा व्यवहार न लिहिल्यास दोष नाही, अशी सवलतही त्याच आयतीत आहे. म्हणजे सवलत कुठे आणि सक्ती कुठे, दोन्ही स्पष्ट.

यामुळे मुरव्वतीचा प्रश्नही सुटतो. मेहुण्यापुढे वही सरकवताना अविश्वासाचा आरोप होईल असे वाटते ना? त्याला सांगावे की, भाऊ, हा हुकूम माझा नाही. लिहून ठेवणे हा विश्वासाचा अपमान नाही. विसर पडल्यावर नाते टिकावे यासाठीची ती तरतूद आहे.

उमेद आधी की काम आधी?

हल्ली मोबाईलवर उमेद वाढवणाऱ्या भाषणांचा सुळसुळाट झाला आहे. आमच्या ओळखीचे कितीतरी तरुण दुकानदार अशी भाषणे रोज ऐकतात आणि वही मात्र उघडत नाहीत. भाषणाने अंगावर रोमांच येतात. रोमांच म्हणजे काम नव्हे. आमचा अनुभव उलटा आहे. उमेद आली म्हणून कामाला हात लागतो असे क्वचितच घडते. हात लावला की उमेद मागून येते. थंडीत वजूच्या पाण्याला हात लावेपर्यंतच ते नकोसे वाटते.

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहातील प्रसंग सर्वांना माहीत आहे. एक अन्सारी गृहस्थ मदत मागण्यासाठी आले. प्रेषितांनी (स.) घरात काय आहे असे विचारले. एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढेच होते. ते मागवून तेथेच लिलाव केला. दोन दिरहम आले. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने बसवला आणि लाकडे तोडून विकण्यास सांगून पंधरा दिवस दिसू नको असे फर्मावले. ते गृहस्थ परत आले तेव्हा त्यांच्याकडे दहा दिरहम होते.

हा प्रसंग आपण भीक मागू नये एवढ्यासाठीच सांगतो. व्यापाऱ्याने तो सुरुवातीचा धडा म्हणून वाचावा. आधी घरात काय आहे त्याची मोजदाद झाली. मग जे होते त्यावरच, त्याच बैठकीत काम सुरू झाले. भांडवल जमण्याची वाट पाहिली नाही. हत्यार अर्धवट दिले नाही, दांडा बसवून दिले, म्हणजे बाहेर पडताच घाव घालता यावा. आणि शेवटी मुदत दिली ती मोजकी, पंधरा दिवसांची.

वहीची सुरुवात अशी करावी

याच धड्यावरून आम्ही वहीसाठी काही साध्या गोष्टी सुचवतो.

आजच एक नवी वही आणावी आणि पहिल्या पानावर आजची तारीख टाकावी. जुना ढीग तूर्त बाजूला ठेवावा. आजची उधारी, आजची मजुरी, कारागिराला आज दिलेली उचल, एवढेच लिहावे. जुन्यापासून सुरुवात करणारा जुन्यातच अडकतो.

वही आणि पेन कपाटात ठेवू नये. गल्ल्याजवळ, मशीनजवळ, हात पोहोचेल तेथे ठेवावे. दांडा बसवलेली कुऱ्हाड ती हीच.

वेळ एकच ठरवावी आणि ती सकाळची असावी. उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकत व्हावी अशी दुआ प्रेषितांनी (स.) केली आहे. ही हदीस सांगणारे हजरत सखर गामदी (रजि.) स्वतः व्यापारी होते. ते आपला माल दिवसाच्या पहिल्या प्रहरी रवाना करीत आणि त्यांची भरभराट झाली, असा उल्लेख त्या हदीसबरोबरच येतो. फजरनंतर, दुकान उघडण्यापूर्वी पंधरा मिनिटे पुरे आहेत. रात्री थकलेल्या डोळ्यांनी बेरीज चुकते.

नवी वही आठवडाभर चालली की मग जुन्या उधारीला हात घालावा. रोज एकच खाते. त्या गिऱ्हाइकाला चहाला बोलवावे, दोघांनी मिळून बाकी काढावी, 'मान्य' लिहून तारखेसह सही घ्यावी. जी खाती तीन वर्षांच्या जवळ आली आहेत ती आधी घ्यावीत. आपण ज्यांचे देणे लागतो त्यांच्याकडे मात्र त्यांच्या बोलावण्याची वाट न पाहता स्वतः जावे.

पहिली मुदत पंधरा दिवसांचीच ठेवावी. वर्षभराचा संकल्प करू नये. पंधरा दिवस झाले की पुढचे पंधरा. यंत्रमागाला जेथे जुम्म्याची सुट्टी असते, तेथे नमाजनंतरचा अर्धा तास आठवड्याच्या बेरजेला द्यावा. आपला शेजारी व्यापारी बांधव दिवाळीला नवी वही घालतो; दिवस ठरलेला असल्यामुळे ती घातली जाते. आपणही जकातीच्या हिशेबाचा दिवस निश्चित करावा. ज्याची वही नाही तो अडीच टक्के कशाचे काढणार? अंदाजाने दिलेली जकात कमी पडली तर तो हक्क गरिबाचा बुडतो.

आम्हाला लिहिता येत नाही, असे काही ज्येष्ठ कारागीर म्हणतात. मजकूर सांगून दुसऱ्याकडून लिहून घेण्याची सोय त्याच आयतीत आहे. घरात दहावी-बारावी झालेली मुलगी असते. तिला रोज पंधरा मिनिटे बसवावे. धंदा तिलाही कळेल, आणि उद्या काही बरे-वाईट झाले तर घरात निदान एका माणसाला हिशेब ठाऊक असेल.

संघटनांना दोन शब्द

आपल्या व्यापारी संघटना आणि बिरादरीच्या जमाअती परिषदा भरवतात, ठराव करतात, निवेदने देतात. ते आवश्यक आहे. पण ज्या सभासदाची उद्यम नोंदणी नाही, ज्याच्याकडे बिलबुक नाही, त्याला त्या ठरावाचा काय उपयोग? 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, शिंपी, गवंडी, कुलूप बनवणारे अशा 18 व्यवसायांचा समावेश आहे. प्रशिक्षण आणि 15,000 रुपयांपर्यंत हत्यारांसाठी साहाय्य तीत आहे. कर्जाच्या भागावर व्याज असल्याने त्याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या उलमांना विचारून करावा. पण कर्ज नको म्हणून नोंदणीच टाळणे शहाणपणाचे नाही. संघटनांनी महिन्यातून एका जुम्म्याला, मस्जिदजवळच्या शाळेत किंवा हॉलमध्ये, एक टेबल आणि हिशेब जाणणारे दोन तरुण बसवावेत. भाषण नको, हार-तुरे नकोत. येणाऱ्याचा अर्ज त्याच बैठकीत भरून द्यावा. एकट्याने जे काम सहा महिने होत नाही ते चार माणसांत बसले की अर्ध्या तासात होते.

वाचकांना आमचे एवढेच सांगणे आहे. हा लेख आवडला म्हणून कापून ठेवू नका. कापून ठेवणे ही देखील एक चालढकलच आहे. हे पान खाली ठेवा, एक वही घ्या, आजची तारीख टाका आणि ज्याचे देणे तुम्हाला सर्वांत जास्त टोचते त्याचे नाव व रक्कम पहिल्या ओळीवर लिहा. बाकीचे दुसऱ्या ओळीपासून सुरू होईल. अल्लाह आपल्या सर्वांना आपले येणे-देणे स्वच्छ ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.